मढेवाटेचा नकाशा

१

क्रॅबट्री एंडच्या चॅपेलमधल्या ओकच्या पेटाऱ्याला तीन कुलपं होती, आणि तीन किल्ल्या तीन माणसांकडे. एक पाद्रीबाबांकडे, दोन चॅपेलच्या दोघा विश्वस्तांकडे. तिघं एकत्र जमल्याखेरीज झाकण उघडायचं नाही, ही शेकडो वर्षांची रीत. जुन्या लोकांचा एकमेकांवर केवढा विश्वास होता, ते यावरून कळतंच.

१९६२ सालच्या त्या मंगळवारी सकाळी तिघंही जमले होते. पाद्रीबाबा ऑस्टिन फेल, गावात येऊन चार वर्षं झालेले, उंच आणि कायम घाईतले. विश्वस्त नेल बेडोज, ओढ्यापलीकडच्या शेताची मालकीण, हातांना अजून दुधाचा वास. आणि दुसरे विश्वस्त जेरल्ड लॉकयर. त्यांनी दोन वर्षांपूर्वी वरची शेती विकत घेतली, घोडे आणले, आणि गेल्या ईस्टरला दुसरं कुणी तयार होईना म्हणून विश्वस्तही झाले.

बघ्यांत तिघं होते. प्यू मास्तर, म्हणजे एडविन प्यू, तीस वर्षं शाळा चालवता चालवता गावाचा इतिहास लिहिलेले, आता निवृत्त. मार्था गिटिन्स, वय चौऱ्याहत्तर. आणि तिला हाताला धरून उभी विनिफ्रेड क्लीटन. विनीने पस्तीस वर्षं या नऊ घरांच्या वाडीत टपाल वाटलं होतं. कुणाला कुठून पत्र येतं आणि ते वाचून कोण दार लावून घेतं, हे तिला पाठ होतं.

"काढा हो लवकर," मार्था म्हणाली. "मला कोंबड्यांना दाणे टाकायचेत."

पाद्रीबाबांनी नकाशा काढून टेबलावर पसरला. १८४१ साली मोजणी होऊन काढलेला, गावातल्या एकूण एक शेताचा. विधवेचा तुकडा, कोल्हेकुरण, उपाशी माळ, सगळी नावं वळणदार अक्षरात. निळा ओढा पुलाखालून वळसा घेत गेलेला. वर वाडी, खाली मार्थाचं घर, टेकडीमागे दोन मैलांवर मोठं चर्च.

फक्त मधली वाट नव्हती.

"मढेवाट कुठाय?" मार्थाने विचारलं.

वाडीत दफनभूमी नव्हती, म्हणून पूर्वी शवपेटी खांद्यावर घेऊन लोक त्या वाटेने टेकडीपार जात. लॉकयरच्या फाटकातून, कुरणातून, मार्थाच्या दारावरून, ओढा ओलांडून, नेलच्या शेतातून वर. १९२१ साली मोटार आली, मेलेले लोक सडकेने जाऊ लागले आणि वरची वाट झाडोऱ्यात बुडाली. पण खालचा अर्धा मैल मार्थाच्या रोजच्या पायांखालचा होता. तिच्या घरी जायला दुसरा रस्ताच नव्हता.

"इथे ठिपक्यांची रेघ होती," मार्थाने बोट टेकवलं. "मी शाळेत असताना त्या वेळच्या पाद्र्याने दाखवली होती. माझ्या बापाला १९०९ साली याच वाटेने नेलं. मी मागून चालत होते!"

"वय झालं की होतं असं," लॉकयर मवाळपणे म्हणाले. "नकाशा तर आपल्या सगळ्यांसमोर उघडला ना?"

"नाही तर नाही," नेल म्हणाली आणि तिने किल्ली खिशात टाकली.

विनीने चमकून तिच्याकडे पाहिलं. शुक्रवारी जिल्ह्याचे साहेब सुनावणीला यायचे होते. वाट सार्वजनिक ठरली तर ठीक, नाही तर लॉकयरच्या फाटकाला लागलेलं कुलूप कायमचं. मार्थाला सध्या त्यांनी मेहेरबानी म्हणून एक किल्ली दिली होती, तीही डिसेंबरपर्यंत. पुढे तिने शहरातल्या वृद्धाश्रमात जावं, असं त्यांनी दोनदा गोड शब्दांत सुचवलं होतं.

मार्थाने संतापून टेबलावर बोट आपटलं.

"विनी," ती म्हणाली, "माझी वाट कुणीतरी चोरली आहे. शोधून दे."

२

"चोरली म्हणजे? वाट काय कोंबडी आहे पिशवीत घालायला?" विनी बाहेर आल्यावर म्हणाली.

"मला वेड लागलंय असं म्हणायचंय तुला?"

"वेड तुला जन्मतःच आहे. पण डोळे चांगले आहेत तुझे. तू रेघ पाहिलीस म्हणतेस, म्हणजे रेघ होती."

"वाटेने मढं गेलं की ती वाट सगळ्यांची होते," मार्था म्हणाली. "आजीपासून ऐकतेय. मग मी मरतेच गुरुवारी. न्या मला त्या फाटकातून, कसं अडवतात बघू."

"गप गं बाई. तो कायदा नाही, म्हाताऱ्यांची समजूत आहे. आणि मेल्यावर घर वाचवून कोंबड्यांना देणार आहेस का?"

मार्थाला हसू आलं, पण ते टिकलं नाही. "मी त्या आश्रमात जाणार नाही, विनी. दुपारी साडेचारलाच रात्रीचं जेवायला घालतात तिथे. मी माझ्या दारात बसून मरेन, पण उचलून कुणी मला तिकडे न्यायचं नाही."

विनीने मान हलवली. तिचं ठरलं होतं. टपालाच्या नोकरीत तिने एकही पत्र चुकीच्या घरी टाकलं नव्हतं. आता ही एवढी मोठी वाट गहाळ होऊ द्यायची? मुळीच नाही!

ती सरळ लॉकयरच्या दाराशी गेली.

लॉकयरनी चहा विचारला, खुर्ची दिली. माणूस वाईट नव्हता. फक्त आपल्याला जे हवं तेच न्यायाचं, असं त्याला मनापासून वाटायचं.

"मी काही चोर नाही, बाई," ते म्हणाले. "माझी एक घोडी उघड्या फाटकातून सडकेवर गेली आणि मोटारीखाली आली. मला फाटक बंद हवंय, एवढंच. जमीन घेतली तेव्हा आताचा सरकारी नकाशा पाहून घेतली. त्यावर वाट नाही. आता जुन्यावरही नाही."

"पेटारा तुम्ही याआधी उघडलेला पाहिलात?"

"ईस्टरला किल्ली घेतली तेव्हा. आत गुंडाळ्या होत्या, उलगडलं काहीच नाही. आणि एकट्याच्या किल्लीने काय होणार? बाकी दोघं काय माझे नोकर आहेत?"

"खरंय. बरं, विधवेच्या तुकड्यात तुम्ही यंदा गवत कापलंत का?"

"कुठे?"

"विधवेचा तुकडा. तुमचंच शेत."

लॉकयर गोंधळले. भिंतीवरच्या सरकारी नकाशाकडे वळले आणि आकडे वाचू लागले. "सात नंबर की नऊ? तुम्ही लोक शेतांना नावं काय ठेवता! नकाशावर तर नुसते आकडे आहेत."

विनीने चहा संपवला. या माणसाला वाट नकोशी होती, यात शंका नव्हती. पण ज्याला स्वतःच्या शेताचं नाव ठाऊक नाही, त्याने त्या नावांनी भरलेल्या नकाशात ढवळाढवळ केली असेल, हे तिला पटेना. मग ती उठता उठता त्यांनी अगदी सहज एक वाक्य टाकलं.

"तुमच्या मैत्रिणीलाच विचारा की. ती वाट नेल बेडोजच्याही शेतातून जाते. वाट बुडाली तर सुटेल कोण, मीच का एकटा?"

३

हे विनीच्या डोक्यात आधीच आलं होतं, म्हणूनच ते जास्त झोंबलं. नेल आणि ती लहानपणापासूनच्या मैत्रिणी. नेलच्याकडे जाण्याआधी तिने वाकडी वाट केली आणि पाद्रीबाबांना गाठलं. खरं म्हणजे तिला नेलकडे जायचंच नव्हतं.

पाद्रीबाबा सायकलीचं पंक्चर काढत होते.

"पेटारा? यंदा तीनदाच उघडला," ते म्हणाले. "आज, ईस्टरला, आणि फेब्रुवारीत. तेव्हा बर्फ वितळून छपरातून पाणी आलं. पेटाऱ्यात ओल गेली होती. लॉकयरच्या आधीचे विश्वस्त, म्हातारे रश्टन, तेव्हा होते. आम्ही तिघांनी उघडला."

"आणि ओले कागद?"

"प्यू मास्तर शाळेत घेऊन गेले, शेगडीजवळ वाळवायला. आठवड्यात परत आणून दिले. सतरा गुंडाळ्या गेल्या, सतरा आल्या. मी स्वतः मोजल्या."

"उघडून पाहिल्या?"

पाद्रीबाबांचा चेहरा पडला. "मोजल्या," ते पुन्हा म्हणाले. "तुम्हाला मास्तरांचा संशय येतो? अहो, त्या माणसाचा या गावावर जीव आहे. आणि मार्थाला दर नाताळात ते केक पाठवतात."

"संशय मला सगळ्यांचाच येतो. तुमचाही."

"माझा?"

"तुम्हाला भांडण नको असतं. वाटच नसली तर भांडणही नाही."

पाद्रीबाबा ओशाळले. "भांडण नको असतं हे खरं. पण मला अजून रस्तेही कळत नाहीत, बाई. गेल्या महिन्यात उपाशी माळावर कुणी आजारी आहे म्हणून निघालो आणि दोन तास हिंडून पुलावरच परत आलो."

विनीने नकाशा पुन्हा बघायला मागितला. तो सुनावणीसाठी त्यांच्या मेजावरच होता. तिने तो बोटांनी चाचपला. जाड, पिवळट कागद, टेबलावर निमूट पसरून राहिलेला. खाडाखोड नाही, खरवडल्याची खूण नाही. ठिपक्यांची रेघ पुसलेली नव्हतीच. ती तिथे कधी काढलेलीच नव्हती.

म्हणजे हा नकाशाच दुसरा होता की काय? तिला तो बघताना सकाळपासून काहीतरी खुपत होतं. काय, ते मात्र कळत नव्हतं.

"पाद्रीबाबा, हा असाच होता? कागदाचाच?"

"मी कधी उलगडला नव्हता. नेलला विचारा, तिच्या वडिलांनी एकदा त्याचा बांधायचा चामडी बंद बदलून दिला होता म्हणे."

पुन्हा नेल!

४

बुधवारी सकाळी विनी मढेवाटेने निघाली. मार्थाच्या किल्लीने फाटक उघडून कुरण उतरली, मार्थाच्या दारावरून गेली आणि नेलच्या शेताकडे वळली. ओढ्याच्या अलीकडे पन्नास पावलांवर एक कोरडी चर आहे, खाजऱ्या पाल्याने भरलेली. तिथे पाय घसरला आणि ती आडवी चरीतच गेली. हात, मान, सगळीकडे आग आग झाली.

"आई गं!"

आणि त्या आगीबरोबर तिला ते आठवलं.

१९१२ साल. मे महिना. दरवर्षी पाद्री, विश्वस्त आणि सगळी पोरं हातात काठ्या घेऊन गावाची शीव चालत. जिथे खूण असेल तिथे पोरांना उचलून उलटं करायचं आणि डोकं जमिनीला हलकेच आपटायचं. म्हातारपणीही शीव विसरता कामा नये म्हणून. दहा वर्षांच्या विनीला आणि नऊ वर्षांच्या नेलला याच चरीत उलटं धरलं होतं. तोंडात पाला, नाकात माती. वरून पाद्री ओरडत होता, "सांगा, शीव कुठे आहे?"

आणि दोघींनी ओरडून ठरलेलं उत्तर द्यायचं होतं, "ओढ्याच्या मधोमध!"

"पण इथे ओढा कुठाय?" असं विनीने उलट्या डोक्याने विचारलं होतं. त्याबद्दल तिला आणखी एक आपटी मिळाली होती.

ती चरीत तशीच बसून राहिली. मग उठली आणि अंग खाजवत, जवळजवळ धावत, नेलच्या गोठ्यात शिरली.

"नेल! आपल्याला चरीत उलटं केलं होतं, आठवतं?"

"मेलं विसरीन कसं? आठवडाभर ओठ सुजला होता."

"तिथे ओढा नाही. मग ओढ्याच्या मधोमध का म्हणायचं?"

"एवढंही ठाऊक नाही?" नेलने बादली खाली ठेवली. "ओढा पूर्वी तिथूनच वाहायचा. १८६३ साली गिरणीवाल्याने चाकासाठी वळवला. माझा आजा खणायला होता. पाणी हललं, शीव कशी हलेल? ती तिथेच राहिली."

"आणि नकाशा कधीचा?"

"एक्केचाळीस साल..." नेल बोलता बोलता थांबली. "अगं पण कालच्या नकाशात ओढा पुलाखालून जात होता."

"हो. आज जातो तसाच. बावीस वर्षांनंतर काय होणार ते त्या मोजणीदाराला आधीच दिसलं बहुतेक. नेल, तो नकाशा खोटा आहे."

नेल मटकन स्टुलावर बसली. विनी उभीच राहिली, कारण जे विचारायचं होतं ते उभ्यानेच विचारता आलं असतं.

"काल 'नाही तर नाही' म्हणालीस. वाट बुडाली तर तुझंही शेत सुटतं. मला खरं सांग."

"तू मला चोर समजलीस?" नेलचा आवाज चढला. "पन्नास वर्षं माझ्या घरचं लोणी खातेस आणि मला चोर समजतेस? हो, सुटतं माझं शेत! हो, मला बरं वाटलं घटकाभर, गाई पांगायची कटकट जाईल म्हणून! रात्रभर त्याच लाजेने झोपले नाही मी. आणि तो नकाशा मी केला असता, तर ओढा त्या चरीतून काढला नसता का? माझ्याही तोंडात पाला गेला होता!"

विनीने नेलचा ओला हात धरला. "तेच तर. तुझ्या या एकाच वाक्याने तू सुटलीस. माफ कर मला."

"करीन सावकाश," नेल नाक ओढत म्हणाली. "आधी चोर शोध."

"शोधला," विनी म्हणाली. "चल माझ्याबरोबर."

५

शाळेमागच्या घरात प्यू मास्तर पुस्तकांच्या ढिगात बसले होते. विनीने प्रस्तावना केली नाही.

"मास्तर, नकाशा ज्याने बनवला त्याला शेतांची जुनी नावं सगळी येत होती. लॉकयरना स्वतःच्याही शेताचं येत नाही. पाद्रीबाबा तर भर दिवसा हरवतात. ती नावं आता दोनच ठिकाणी सापडतील. आम्हा म्हाताऱ्यांच्या तोंडी आणि तुमच्या वहीत."

मास्तरांनी चष्मा काढला.

"पण आम्ही इथे जन्मलेल्या पोरी. आम्हाला शीव डोकं आपटून शिकवलेली आहे. आमच्यापैकी कुणी जुना ओढा चुकवणार नाही. म्हणजे हा माणूस गावाचा अभ्यास असलेला, पण गावात न वाढलेला. तुम्ही इथे आलात तेव्हा तिशीचे होतात, आणि शीव चालायची प्रथा त्याआधीच, पहिल्या महायुद्धात बंद पडली होती. तुम्हाला कुणी उलटं धरलं नाही, मास्तर. तुम्ही वहीतून नावं घेतलीत आणि रेघा आताच्या सरकारी नकाशावरून. त्यावर मढेवाट नाही, म्हणून तुमच्याही नकाशावर नाही. आणि फेब्रुवारीत आठवडाभर सगळ्या गुंडाळ्या तुमच्याकडे होत्या."

मास्तर उठले, लिहायच्या मेजाचा खालचा कप्पा उघडला आणि एक गाठोडं बाहेर काढलं. फडक्यात तपकिरी, कडक, चुरगळलेलं काहीतरी होतं, डुकराची कातडी तळल्यासारखं.

"हा खरा," ते म्हणाले. "ओला होता. मी शेगडीच्या कठड्यावर पसरला आणि कोळसा आणायला बाहेर गेलो. पाच मिनिटं, जास्त नाही. परत आलो तर तो मुठीसारखा मिटत होता. माझ्या डोळ्यांदेखत! मला कागद वाटला होता."

"तो कागद नव्हे, वासराचं कातडं आहे," नेल म्हणाली. तिचा बाप खोगिरं शिवायचा. "कातड्याला शेक लागला की ते आखडतं. अहो, एवढी पुस्तकं वाचलीत आणि हे कुणी लिहिलं नव्हतं?"

मास्तर रडू लागले. एवढा ताठ माणूस, पण अगदी पोरासारखा रडला. "मला वाटलं, कोण बघतंय तो नकाशा! शाळेच्या जुन्या हजेरीपुस्तकातली कोरी पानं जोडली, चहाचं पाणी फिरवलं. वाटेचा प्रश्न तेव्हा निघालाच नव्हता. काल पेटारा उघडला तेव्हा मला कळलं मी काय केलंय. मार्था बोट ठेवून विचारत होती आणि मी... मी खाली बघत राहिलो."

"का?"

"माझं पुस्तक छापायला गेलंय, विनी. तीस वर्षांचं काम. गावाचा इतिहास लिहिणारानेच गावाचा नकाशा जाळला आणि खोटा केला, म्हटल्यावर त्यातलं एक अक्षर तरी कोण खरं मानेल?"

विनीला त्यांची कीव आली आणि रागही आला. दोन्ही एकदम आल्याने ती त्यांच्याकडे न बघता नेलकडे वळली. "हे उलगडेल का, नेल?"

नेलने ते कातडं हुंगलं, कानाशी नेऊन हलकेच वाकवलं. "आखडलंय ते काही परत वाढायचं नाही. पण घड्या मऊ होतील. कातड्याला आग नको, ओल हवी. माझ्या चीजच्या खोलीत ओल्या फडक्यांत ठेवू. घाई केली तर तडकेल."

"न्या," मास्तर आर्जवाने म्हणाले. "पेटाऱ्याच्या तळाशी मिळाला म्हणून सांगा. माझं नाव तेवढं घेऊ नका. वाट वाचली म्हणजे झालं ना?"

"नाही झालं," विनी म्हणाली. "दोन नकाशे समोर आले की लॉकयर विचारणारच, खोटा कुठला? एक नीटनेटका पेटाऱ्यातून निघालेला, दुसरा दोन म्हाताऱ्यांनी चीजच्या खोलीतून आणलेला. ते आम्हालाच खोटं ठरवतील. खोटा कोणता हे छातीवर हात ठेवून एकच माणूस सांगू शकतो. ज्याने तो केला तो."

"माझ्याने होणार नाही."

"मार्थाच्याने होईल का? आश्रमात साडेचारला जेवण?"

मास्तरांनी मान वर केली नाही. त्या निघाल्या तेव्हाही नाही.

६

दोन दिवस नेलने कुणालाही चीजच्या खोलीत येऊ दिलं नाही. दर दोन तासांनी फडकी बदलायची, बोटाच्या टोकाने एक घडी सोडवायची, वर गुळगुळीत गोटा ठेवायचा. विनीने मार्थाला सगळं सांगितलं होतं, मास्तरांचं नावही. मार्था कोंबड्यांना दाणे टाकत राहिली होती. "केक चांगला करतो मेला," एवढंच ती शेवटी म्हणाली.

शुक्रवारी शाळेच्या खोलीत सगळी वाडी जमली. जिल्ह्याचे हॉलिससाहेब सर्दीने बेजार, पण कान तिखट. मास्तर शेवटच्या बाकावर भिंतीला टेकून बसले होते. आले होते, एवढं तरी होतं.

विनीने आधी ओढ्याचा विषय काढला, शीव त्याच्या मधोमध असायची आणि १८६३ साली ओढाच वळवला हे सांगितलं. हॉलिससाहेबांनी स्वतःचा सरकारी नकाशा उलगडला. गावाची शीव त्यावर खरंच कोरड्या चरीतून गेली होती, ओढ्यापासून पन्नास पावलं दूर. त्यांनी पेटाऱ्यातला नकाशा पाहिला, मान डोलावली, नाक शिंकरलं.

"हा १८४१ चा असणं शक्य नाही," ते म्हणाले.

मग नेलने ओल्या फडक्यातून तो दुसरा काढून टेबलावर ठेवला. कडा अजून मुठीसारख्या वळलेल्या होत्या, पण मधली पंज्याएवढी जागा उलगडली होती. तिथे ओढा चरीतून वाहत होता. आणि त्याला छेदून, वाडीपासून एका छोट्या चौकोनी घरावरून वर टेकडीकडे, ठिपक्यांची रेघ गेली होती.

"ती बघा!" मार्था ओरडली.

लॉकयर उभे राहिले. "साहेब, पहिला नकाशा खोटा असेल, मान्य. पण म्हणून हे कातडं खरं कसं? ज्यांना चर ठाऊक आहे त्यांना हवा तसा ओढा काढणं काय अवघड? हे कुठून आलं, कुणाच्या ताब्यात होतं, काही पुरावा?"

प्रश्न बिनतोड होता. हॉलिससाहेबांनी विनीकडे पाहिलं. "बाई, हा कुणाकडे मिळाला?"

नाव घेणं तिला अवघड नव्हतं, पण तिने घेतलेल्या नावाला मास्तर नाही म्हणाले असते तर सगळं तिथेच संपलं असतं. ती मागे वळून शेवटच्या बाकाकडे बघत राहिली. सगळी वाडी तिकडे वळली.

मास्तर उठले. बाकाला धरूनच उठले.

"माझ्याकडे," ते म्हणाले. "खरा माझ्याकडे होता. माझ्या हातून जळला. खोटा मी केला. शाळेच्या हजेरीपुस्तकाची पानं आहेत ती, उजेडात धरलीत तर आखलेल्या रेघा दिसतील." ते बाकांमधून पुढे आले. "मंगळवारी मला हे माहीत होतं. मार्थाबाई खरं बोलत होत्या आणि मी त्यांना खोटं पडू दिलं. लिहून घ्या, साहेब. माझं नाव एडविन प्यू."

हॉलिससाहेबांनी कागद खिडकीशी नेला. रेघा होत्या. मग ते बसले आणि बराच वेळ लिहीत राहिले. लिहून झाल्यावर लॉकयरना म्हणाले, "फाटक लावा, घोड्यांसाठी हवंच. पण कुलूप आजच काढा. वाट नोंदवली जाईल."

लॉकयरनी खिशातून कुलपाची किल्ली काढून टेबलावर ठेवली आणि टोपी उचलून बाहेर पडले.

लोक पांगले. मास्तर दाराशी मार्थाची वाट बघत थांबले होते.

"मार्थाबाई, मी..."

"तीस वर्षं या गावाचा इतिहास लिहितोस," मार्था म्हणाली. "माझ्या दारावरून एकदा तरी गेलास का रे? एकदा चालला असतास ना, तर ती रेघ राहून गेलीच नसती."

"नाही गेलो," मास्तर म्हणाले. "खाली चिखल असतो म्हणून."

"असतो. आजही आहे." तिने आपली टोपली त्यांच्या हातात दिली. "चल. पुढे हो. मी मागून सांगते."

मास्तर त्यांच्या चकचकीत काळ्या बुटांनी फाटकातून कुरणात उतरले. पहिल्याच खड्ड्यात घोट्यापर्यंत बुडाले आणि थांबले. मागे काठी टेकत मार्था उभी होती.

"थांबलास का? त्या दगडावर पाय दे," ती म्हणाली. "हं. आता डावीकडे."